वजन बरोबर आहे, मग पोट का मोजता?

‘माझं वजन तर बरोबर आहे, मग बिस्किटं बंद करायला का सांगता?’ आहाराचा सल्ला घ्यायला कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे येणारी सडपातळ माणसं हे हमखास विचारतात.

गेल्या महिन्यात चाळिशीचे एक गृहस्थ आले. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) साडेएकवीस. भारतीयांसाठी २३ च्या आत असला की ठीक मानतात. हातपाय काटकुळे, पण सदरा वर करून टेप लावली तर कंबर ९४ भरली. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. सोनोग्राफीत यकृतावर चरबी आधीच दिसली होती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या अंगात स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त असते. आतड्यांभोवतीच्या या चरबीतली मेदाम्ले थेट यकृताकडे जातात आणि रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचे काम अवघड होते. काट्याला यातले काही कळत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरणारा मल्ल काट्यावर जड भरतो, पण त्याचे वजन स्नायूंचे असते.

कोल्हापुरात दोष लगेच तांबड्या रश्श्याला दिला जातो, आणि मला तो अन्याय वाटतो, कारण रस्सा आठवड्यातून एकदा-दोनदा होतो, तर बिस्किटांचा पुडा रोज चहाबरोबर संपतो. हे गृहस्थ दुपारचा डबा टाळून बिस्किटे आणि वेफर्सवर दिवस काढत होते. पोटात डाळ-उसळ जात नव्हती, व्यायाम नव्हता, त्यामुळे स्नायू झिजत गेले, चरबी वाढत गेली आणि वजन मात्र जागच्या जागी राहिले. अमेरिकेतल्या, २०१९ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले, दोन्हीत साखर, मेद, तंतू सारखेच ठेवले. तरी पहिल्या प्रकारात माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. असे मऊ अन्न भराभर खाल्ले जाते आणि पोट भरल्याची जाणीव मागे राहते.

मी त्यांना पुड्याची मागची बाजू वाचायला लावली: मैदा, साखर, पाम तेल, याच क्रमाने. जो घटक जास्त, तो आधी छापतात. आता चार वाजता फुटाणे-शेंगदाणे, दुपारी घरचा डबा आणि सकाळी वीस बैठका एवढेच ठरले आहे. तीन महिन्यांनी ते येतील तेव्हा मी आधी टेप लावणार आहे, काटा नंतर.