अठ्ठावीस, नव्वावीस

रविवारी दुपारी आई चटणीसाठी शेंगा फोडत बसलेली, बाजूला माझी साडेतीन वर्षांची भाची, आणि टरफलांचा हा एवढा ढीग. मी आपलं सहज म्हटलं, मोज गं शेंगा. तिनं एकेकीवर बोट ठेवत एक दोन तीन चार पाच असं झकास मोजलं, आम्ही दोघी कौतुकानं बघालोय. मग विचारलं, किती झाल्या? तर परत पहिल्यापासून सुरू, एक दोन तीन... परत विचारलं, परत तेच! किती म्हणजे तिच्या लेखी "मोजून दाखव" एवढंच. बरं, चार दे म्हटलं तर अख्खी मूठ माझ्या हातात.

आता ही पोरगी वीसपर्यंत घडाघडा म्हणते, पण ते बडबडगीतासारखं. शेवटी जो आकडा तोंडातून निघाला तेवढ्या शेंगा, हे वेगळंच उमगावं लागतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी तत्त्वं मांडली त्यात हे एक आहे. आणि ते उमगतं पण हळूहळू, आधी "एक" कळतो, मग काही महिन्यांनी "दोन", मग "तीन", आपल्याला पत्ताही नसतो.

मग मला चेव आला. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा तो प्रसिद्ध प्रयोग, सहा शेंगा वर, सहा खाली, समोरासमोर. सारख्या? हो. खालची ओळ जरा पसरवली. आता? "हितं जास्त!" आई हसून म्हणाली, बरं झालं, आता गुळाचे खडे पसरूनच देत जाते.

तिचा दादा पहिलीत, त्याची वेगळीच तऱ्हा. सत्तावीस, अठ्ठावीस, नव्वावीस. मी एकोणतीस म्हणून दुरुस्त केलं तर म्हणतो तीस तर अजून आलंच नाही की! बरोबरच आहे बे त्याचं. आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात निम्मी घरं तेलुगू बोलणारी, त्याचा दोस्त इरवै एनिमिदि, इरवै तोम्मिदि म्हणत न अडखळता पुढं जातो, वीस आठ, वीस नऊ, झालं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात बालभारतीनं एकवीससाठी "वीस एक" आणलं तेव्हा मीपण व्हॉट्सॲपवर जोक फॉरवर्ड केलेले, खोटं कशाला बोलू. एकोणतीस मला अजून आवडतोच, पण त्या दिवशी ते जोक आठवून जरा ओशाळल्यासारखं झालं.

रात्री जेवायला ताटं मांडायची ड्युटी भाचीची. ती मोजत नाही. आज्जीचं म्हणून एक ताट आणते, ठेवते, परत किचनमध्ये जाते, मग मम्मीचं, दादाचं, आत्याचं. पाच माणसं, पाच चकरा, एक ताट कमी नाही की जास्त नाही. किती ताटं गं, मी विचारलं.

"सगळ्यांची," म्हणाली आणि कडक भाकरीचा तुकडा मोडायला बसली.