उन्हाचा स्लायडर

शहर वसवायच्या गेममध्ये शहर वसवण्याचं काम फार तर सुरुवातीला चालतं. मग एखाद्या दिवशी ऊन जरा जास्तच पिवळं वाटायला लागतं आणि रस्ते, गटारं, वीज तशीच टाकून माणूस उजेडाच्या मागे लागतो. 'सिटीज: स्कायलाइन्स' आला मार्च २०१५ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात 'आफ्टर डार्क' या त्याच्या जोड-पॅकने दिवस-रात्र आणली आणि जाता जाता दिवसाच्या उजेडाचा रंगही बदलला. तर जुनं ऊन परत आणणारा मॉडसुद्धा, म्हणजे खेळणाऱ्यांनीच केलेला फेरफार, निघाला! मला ही मागणी अगदी रास्त वाटते.

माझं वेड सावल्यांचं. इमारत जमिनीला टेकते तिथे थोडा काळोख दाटला नाही, तर ती तरंगल्यासारखी दिसते. तो काळोख आणतं अँबियंट ऑक्लूजन, कोपऱ्यांत सावली भरणारा इफेक्ट. मॉड टाकला, घरं जमिनीवर नीट बसली. पण कॅमेरा नदीकडे वळवला, तर प्रत्येक टॉवरभोवती, पार मागच्या पाण्यावर, काजळ फासल्यासारखी कड! नदी कुठे, टॉवर कुठे.

यात इफेक्टला तरी काय बोलणार? त्याला शहर दिसतच नाही. पडद्यावरचा कुठला पिक्सेल जवळ आणि कुठला लांब, एवढंच त्याला कळतं. शेजारचे जवळ आणि हा मागे, म्हणजे हा कोपऱ्यात दडलाय, असा त्याचा साधा हिशेब. रेडियस, म्हणजे आजूबाजूला किती लांबपर्यंत बघायचं ते, वाढवला की लांबची नदीही टॉवरच्या वळचणीला येते. पडद्याबाहेरचं जग तर त्याच्या लेखी नाहीच. कॅमेरा सरकवताना भिंत कडेपलीकडे गेली, की तिने आणलेला काळोखही पुसला जातो. हे एकदा दिसलं की दिसतच राहतं.

रेडियस उतरवला तर कड बारीक होते, पण कोपरेही फिके पडतात. तीव्रता चढवली तर झाडं मळकट. शेवटी स्लायडर पार शून्यावर नेला, तरी कड जागच्या जागी! म्हणजे कॅमेऱ्यावर आणखी कुणाचा तरी हात होता. अशा वेळी अर्धे मॉड बंद करून बघायचं, मग उरलेल्यांतले अर्धे. ६४ मॉड असले तरी सहा फेऱ्यांत चोर सापडतो. हिशेब सोपा, पण 'हार्मनी'सारखी लायब्ररी बंद झाली की तिच्यावर टेकलेले सगळेच झोपतात आणि भलत्यावरच संशय जातो. शेवटी सापडला एक जुना मॉड, तोच इफेक्ट स्वतःच्या जपून ठेवलेल्या आकड्यांवर निमूट चालवणारा.

टिल्ट-शिफ्ट, म्हणजे चित्राच्या कडा धूसर करणारा इफेक्ट, मी सगळ्यात आधी बंद करतो. एवढं राबून उभं केलेलं शहर खेळण्यातलं कशाला दिसायला हवं? 'लट'चं (LUT, म्हणजे सगळ्या चित्राचे रंग बदलणारा तक्ता) मात्र अवघड असतं. सावल्या निळसर, उजेड नारिंगी केला की दोन मिनिटांत डोळा सरावतो आणि मूळ रंग आजारी वाटू लागतात. त्यात सेटिंग तपासतो आपण नेमकं मावळतीला, जेव्हा काहीही सुंदरच दिसतं. भर दुपारी आणि पावसात बघावं, तिथे पितळ उघडं पडतं.

एवढं सगळं जमवून आणलं, आणि वर गेममधला तो निळा चिर्पर पक्षी रहिवाशांच्या तक्रारी टिवटिवतोय: कचरा उचला, पाणी द्या, रस्ता तुंबलाय. उन्हाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.