जिंकलेले नऊ लाख

प्राप्तिकर खात्याच्या बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राने पाठवलेल्या त्या सूचनापत्रात मागितलेली रक्कम व्याज धरून बारा हजारांच्या आसपास होती. सनदी लेखापालाच्या कार्यालयात अशी सूचनापत्रे रोज येतात आणि बहुतेकांचा निकाल अर्ध्या तासात लागतो. या सूचनापत्राला मात्र जवळजवळ पूर्ण दिवस लागला, कारण ते घेऊन आलेल्या बापलेकांच्या मनात तगाद्याचा विचारच नव्हता. सरकारकडून आपल्याला १,९७,३०० रुपये परत मिळणार आहेत, या खात्रीने ते कराडला आले होते, आणि हा कागद त्या परताव्याचाच असावा, अशी वडिलांची समजूत होती.

वडील ऊस उत्पादक शेतकरी होते. मुलगा त्यांना आबा म्हणत होता, म्हणून मीही त्यांना आबाच म्हणू लागलो. मुलगा एका दुकानात महिना अठरा हजार रुपये पगारावर हिशेबनीस होता. २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे त्याचे विवरणपत्र गावाजवळच्या एका सेवा केंद्रचालकाने भरले होते. परतावा आल्यावर त्यातला दहावा हिस्सा आपला, या बोलीवर त्याने काम घेतले होते. विवरणपत्रात पगाराखेरीज ‘इतर उत्पन्न’ म्हणून नऊ लाख रुपये दाखवलेले होते आणि त्यावर २,७०,००० रुपयांची करकपात झालेली होती. केंद्रचालकाने पगारातून पन्नास हजारांची प्रमाणित वजावट घेऊन एकूण १०,६६,००० रुपयांवर नव्या करप्रणालीचे टप्प्याटप्प्याचे दर लावले, उपकरासह ७२,६९६ रुपये कर काढला आणि उरलेली करकपात परत मागितली. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नव्हती. चूक होती ती उत्पन्नाची जात ओळखण्यात.

ते नऊ लाख रुपये पत्त्यांच्या ऑनलाइन खेळात जिंकलेले होते. अशा रकमेवर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचे ११५बीबीजे हे कलम लागत होते आणि त्यानुसार सरसकट ३० टक्के दराने कर द्यावा लागत होता. पगाराचे उत्पन्न त्या वर्षीच्या तीन लाखांच्या करमुक्त मर्यादेपेक्षा कितीही कमी असले, तरी मर्यादेचा उरलेला भाग जिंकलेल्या रकमेसाठी वापरता येत नाही. खेळण्यासाठी केलेल्या खर्चाची वजावट मिळत नाही. शिवाय ज्या सोप्या अर्जात हे विवरणपत्र भरले होते, तो अर्ज असे उत्पन्न असणाऱ्यांसाठी नाहीच. नऊ लाखांवर २,७०,००० रुपये कर आणि त्यावर चार टक्क्यांनी १०,८०० रुपये उपकर, असा मिळून २,८०,८०० रुपयांचा हिशेब होत होता; खेळ चालवणाऱ्या कंपनीने कर कापला होता, उपकर कापला नव्हता. तेवढाच फरक सरकार व्याजासह मागत होते.

हे मी सांगितले, तेव्हा आबांनी माझ्याकडे नव्हे, तर मुलाकडे पाहिले. “नऊ लाख जिंकलास?” एवढेच ते म्हणाले. तोवर त्यांना सांगितले गेले होते ते असे, की मुलाने एका कंपनीत पैसे गुंतवले, कंपनीने कर कापला आणि तो परत आला की सोनेतारण ठेवलेले आईचे दागिने सोडवता येतील.

मुलाने मान वर केली नाही. मी त्याला बाहेरच्या खोलीत आमच्या सहायकाजवळ बसवले, तो ज्या दोन अ‍ॅपवर खेळला होता, त्यांवरचे वर्षभराचे व्यवहार आणि बँकेचे खातेउतारे डाउनलोड करून घ्यायला सांगितले आणि आबांसाठी चहा मागवला. अशा वेळी सल्ला देण्याआधी आकडे समोर असणे मी आवश्यक मानतो. आकडे नसले, की घरातले लोक एकमेकांच्या स्वभावावर बोलू लागतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

दुपारपर्यंत आम्ही जो तक्ता तयार केला, तो असा होता. पहिल्या अ‍ॅपवर मुलाने वर्षभरात तीन लाख रुपये भरले आणि बारा लाख रुपये काढले. निव्वळ जीत नऊ लाख, त्यातून २,७०,००० रुपये कापले गेले आणि ९,३०,००० रुपये त्याच्या खात्यात आले. ही रक्कम आणि तिच्यात आणखी भर घालून त्याने दुसऱ्या अ‍ॅपवर १०,५०,००० रुपये भरले, तिथून परत आले फक्त ९०,००० रुपये. म्हणजे तिथला तोटा ९,६०,००० रुपयांचा. दोन्ही अ‍ॅप मिळून पाहिले, तर खेळात तो साठ हजार रुपये हरला होता. बँकेच्या खात्यातून मात्र ३,३०,००० रुपये कमी झाले होते, कारण साठ हजारांच्या तोट्यावर २,७०,००० रुपयांचा कर चढला होता. सोनेतारण कर्जाचे २,४०,००० आणि मित्रांकडून उसने घेतलेले ९०,००० रुपये या खड्ड्यात गेले होते.

मी तक्ता आबांपुढे ठेवला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांनी तो दोनदा नीट समजून घेतला. मग त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे कायद्याचे उत्तर होते, पण समाधान होईल असे उत्तर नव्हते.

“साहेब, माझ्या एका रानात ऊस चांगला आला आन् दुसऱ्या रानातला जळून गेला, तर मी वरीसभर काय कमावलं ते दोन्ही रानं धरूनच सांगणार न्हवं? मग ह्यानं एका ठिकाणी मिळवलं आन् दुसरीकडं घालवलं, तर सरकार एकच रान कसं काय बघतंय?”

सरकार एकच रान का पाहते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७२ पूर्वी शर्यती, लॉटरी यांसारख्या नैमित्तिक जिंकण्यावर आपल्याकडे प्राप्तिकर नव्हता. त्या सवलतीचा उपयोग कसा होत असे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधल्या एका निकालात वाचायला मिळते. घोड्यांच्या शर्यतींत एकामागून एक जॅकपॉट जिंकल्याचे सांगून एका करदात्याने लाखो रुपयांच्या जमेचा खुलासा केला होता. जिंकणे करपात्र झाल्यावर मात्र शर्यतींचा नाद थांबला होता. माणसांच्या व्यवहारात जे संभवते, त्याच्या कसोटीवर हा खुलासा टिकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. काळ्या पैशाला पांढरे करण्यासाठी जिंकलेली तिकिटे जादा दाम देऊन विकत घेण्याची युक्ती करक्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उलट बाजूने, तोटा वजा करू दिला असता, तर रेसकोर्सवर फेकून दिलेली हरलेली तिकिटे वेचून कोणीही हवा तेवढा तोटा दाखवू शकला असता. जुगाऱ्याच्या तोट्यावर विश्वास न ठेवण्याचे हे कारण खरे आहे आणि ते मी आबांनाही सांगितले.

परंतु ऑनलाइन खेळात हे कारण उरत नव्हते. तिथे भरलेला आणि काढलेला प्रत्येक रुपया बँकेमार्फत जात असे, त्यावर पॅन असे, आणि कंपनीकडे प्रत्येक डावाची नोंद असे. हे ओळखूनच २०२३ च्या वित्त कायद्याने मोठा बदल केला. पूर्वी दहा हजारांहून मोठ्या प्रत्येक जिंकण्यावर कर कापला जाई आणि मधल्या हरण्याकडे कोणी पाहत नसे. १ एप्रिल २०२३ पासून वर्षात काढलेली रक्कम आणि वर्षअखेरची शिल्लक यांतून स्वतः भरलेली रक्कम आणि सुरुवातीची शिल्लक वजा करून जे उरेल, त्या निव्वळ जिंकण्यावर कर, अशी पद्धत आली. ही सुधारणा मला मनापासून योग्य वाटते. तिचा दोष इतकाच, की ही वजाबाकी एकाच कंपनीच्या खात्यांपुरती आहे. एका कंपनीकडची दोन खाती एकत्र धरली जातात, पण दुसऱ्या कंपनीकडचा तोटा तिथे येत नाही आणि तो पुढच्या वर्षातही ओढता येत नाही. या मुलाने तेच दहा लाख ३१ मार्चच्या आत पहिल्याच अ‍ॅपवर घालवले असते, तर त्याची निव्वळ जीत शून्याखाली गेली असती आणि कर एक रुपयाही लागला नसता. अ‍ॅप बदलले म्हणून २,७०,००० रुपयांचा फरक पडला. यात जुगाराला आळा घालण्याचा हेतू साधतो, असे मला वाटत नाही. उलट जिंकलेले पैसे जिथे जिंकले तिथेच पुन्हा लावा, असा सल्ला कायदा नकळत देतो.

त्यातही दुसऱ्या अ‍ॅपवरचे बहुतेक पैसे १ ऑक्टोबर २०२३ नंतर भरलेले होते. त्या दिवसापासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता. म्हणजे ज्या पैशाला प्राप्तिकराच्या हिशेबात तोटा म्हणून जागा नव्हती, त्याच पैशावर खेळाच्या दारात शिरतानाही कर होता.

जुगारातल्या जिंकण्यावर कर असूच नये, असे माझे म्हणणे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने, म्हणजे जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत, असे सांगितले आहे, म्हणजे ही वसुली आपल्याकडे नवी नाही. ब्रिटनमध्ये खेळणाऱ्याच्या जिंकण्यावर कर नसतो, तो जुगार चालवणाऱ्यांकडून घेतला जातो. अमेरिकेत जिंकण्यावर कर आहे, पण हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेत वजा मागता येत असे. २०२६ पासून तिथेही हरलेल्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते. माझ्या मते आपल्यासाठी योग्य वाट अशी, की दर ३० टक्केच राहावा, जुगारातला तोटा पगारातून किंवा धंद्यातून कधीही वजा होऊ नये, पण पॅनवर नोंदलेल्या सर्व खेळांची वर्षभराची जीत आणि हार एकत्र मांडून जे खरोखर हाती उरले, त्यावर कर घ्यावा. कंपन्यांनी जिंकण्याबरोबर हरण्याचीही माहिती खात्याला द्यावी, एवढेच त्यासाठी पुरेसे होते. करदात्याच्या खिशात जे कधी टिकलेच नाही, त्याला उत्पन्न म्हणणे मला पटत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांचे खातेउतारे पाहिल्यावर तर अजिबात पटत नाही.

दुपारनंतर सेवा केंद्रचालकाचा मुलाला फोन आला. पत्ते खेळणे हाच व्यवसाय आहे असे दाखवून सुधारित विवरणपत्र भरू, म्हणजे तोटाही वजा होईल आणि परतावाही येईल, असे तो सांगत होता. मी फोन घेऊन त्याला स्पष्ट नकार दिला. जुगार हा संविधानाच्या अर्थाने व्यापार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्याच्या शब्दकोडी स्पर्धांवरील कराच्या खटल्यात ठरवले आहे; आणि ते बाजूला ठेवले, तरी ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर स्वतंत्र कलमाने कर लागतो, त्याला व्यवसायाचे नाव दिल्याने तो टळत नाही. चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दुप्पट दंडाची तरतूद कायद्यात आहे. मुलाचे नशीब एवढेच, की परतावा हातात पडून खर्च होण्याआधी प्रक्रिया केंद्राने तो अडवला होता.

मी तगाद्याशी सहमती नोंदवली आणि आबांच्या संमतीने चलन तयार केले. पैसे मुलाने त्या महिन्याच्या पगारातून भरावेत, असे आबांनी ठरवले. दागिन्यांच्या कर्जाची मुदत वाढवून घेण्यासाठी व्याजापुरती रक्कम ते उसाच्या बिलातून देणार होते; मुद्दल मुलाने फेडायचे होते. पहिल्या धक्क्यानंतर दिवसभरात ते मुलावर एकदाही ओरडले नाहीत. फक्त उठताना त्यांनी मला विचारले, की हा कर चुकीचा आहे असे तुम्हालाही वाटते, तर अपील का करायचे नाही. कायदा स्पष्ट असताना अपिलात हाती काही लागणार नाही, फी मात्र जाईल. हा बदल संसदेनेच करायला हवा, असे मी सांगितले. ते त्यांना पटले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. त्या बंदीने आधीच्या वर्षांचे तगादे रद्द झालेले नाहीत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही जिंकण्यावरचा ३० टक्क्यांचा दर कायम आहे. परदेशी संकेतस्थळांवर चोरून खेळणाऱ्यांचा कर कोणी कापत नाही, पण बेकायदा मार्गाने आलेले उत्पन्नही करपात्रच असते, आणि ते स्वतःहून दाखवण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर येते. अशांपैकी काही जण आता माझ्याकडे येतात. त्यांना मी पहिल्यांदा बँकेचे पूर्ण वर्षाचे उतारे मागतो, आणि शक्य असेल तर घरातले कोणी मोठे माणूस बरोबर आणायला सांगतो.