ताशाची तर्री आणि बफरची सीमा

संगणकावरच्या सॅम्पलरमधून (आधी मुद्रित केलेल्या थापा हव्या तेव्हा वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) नाशिक ढोल वाजवायचा म्हटले, की आमच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींत पहिली तक्रार निघते ती लेटन्सीची, म्हणजे आज्ञा दिल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची. माझ्या मते खरा उपद्रव उशिराचा नाही. तो उशीर दर ठोक्याला निराळा असण्याचा, म्हणजेच जिटरचा आहे. मिरवणुकीत ढोलापासून चार मीटरवर उभ्या असलेल्या माणसालाही थाप सुमारे १२ मिलिसेकंद उशिराच ऐकू येते, पण प्रत्येक थाप तेवढ्याच उशिराने येत असल्यामुळे लय बिघडत नाही.

संगणक ध्वनी सलग नव्हे, तर तुकड्यातुकड्याने तयार करतो. अशा एका तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० ध्वनि-नमुने (४४,१०० हर्ट्झ) असतील तर ५१२ नमुन्यांचा बफर ११.६ मिलिसेकंदांचा होतो. नोट (ठोका वाजवण्याची आज्ञा) या तुकड्यात नेमकी कुठे पडते हे न पाहता जो सॅम्पलर ती तुकड्याच्या आरंभालाच वाजवतो, त्याचा ठोका जवळजवळ तेवढ्या अंतराने सरकू शकतो. १२० च्या टेम्पोत एका मात्रेत ताशाचे आठ ठोके बसवले तर दोन ठोक्यांमधले अंतर ६२.५ मिलिसेकंद भरते. त्यातला पाचवा हिस्सा हलू लागला, की तर्री, म्हणजे ताशाच्या जलद ठोक्यांची लड, अडखळल्यासारखी वाटते. वास्तविक नोटबरोबर तिचे बफरमधले स्थान पाठवण्याची सोय व्हीएसटीसारख्या (ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये वाद्ये जोडण्याच्या) मानकांत आहे, आणि ते पाळणारा सॅम्पलर मोठ्या बफरवरही अचूक वाजतो. म्हणून बफर लहान करत बसण्याआधी एकच सॅम्पल (मुद्रित थाप) दोन ट्रॅकवर ठेवावे, एकावर ते सॅम्पलरमधून वाजवून मुद्रित करावे, दुसऱ्यावर मात्रांच्या ग्रिडवर थेट मांडावे आणि एकाची फेज उलटी करावी, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळले तर एकमेकांना खोडतील. ठरावीक उशीर भरून काढल्यावर शांतता उरली तर सॅम्पलर निर्दोष समजावा (अर्थात त्यातले यादृच्छिक बदल आधी बंद केलेले असावेत).

वाद्यांकडून संगणकाकडे नोटा नेणाऱ्या मिडीच्या केबलची गोष्ट वेगळी आहे. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असल्यामुळे तीन बाइटच्या एका नोटला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो आणि एकदम दिलेल्या दहा नोटांमधली शेवटची नोट मागे पडते.

पण या साऱ्याहून अधिक घोटाळा मी सॅम्पलच्या कापणीत पाहिला आहे. हळू थापेच्या आरंभी आठ मिलिसेकंदांची शांतता आणि जोरदार थापेच्या आरंभी दोनच, असे झाले की सिक्वेन्सर (ठरल्या वेळी नोटा पाठवणारा प्रोग्रॅम) कितीही काटेकोर असला तरी जोर बदलताच ठेका लंगडतो. त्यासाठी सगळ्या थापांचे आघात फाइलच्या आरंभापासून सारख्याच अंतरावर आणावेत आणि मग संपूर्ण ट्रॅक तेवढाच अलीकडे ओढावा. आघाताआधीची टिपराची सूक्ष्म सळसळही त्यामुळे कापली जात नाही.