एकाच लॅपटॉपवर दोन खाती

माझं ऑफिसचं काम माझ्याच लॅपटॉपवर चालतं आणि फोटोंचा छंदही त्याच्यावरच. गेल्या वर्षापर्यंत दोन्हींची पार सरमिसळ झाली होती. रात्री फोटो निवडायला बसावं, शेजारच्या टॅबवर न वाचलेल्या मेल्सचा आकडा दिसावा आणि हात तिकडे वळावा. दुपारी नेमकं उलटं. दिवस संपताना ना काम हातावेगळं झालेलं असायचं, ना विसावा मिळालेला.

आधी फोनवर अ‍ॅप टायमर लावले. अँड्रॉइडमध्ये २०१८पासून ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये ही सोय आहे. रोजची ३० मिनिटं ठरवली. पण मर्यादा घालणारी मी आणि उठवणारीही मीच! आठवडाभरात टायमर काढून टाकायची सवय लागली. मग स्क्रीन काळी-पांढरी करून पाहिली, पण फोटो बघायचे तर रंग परत आणावेच लागत.

खरा फरक पडला तो लॅपटॉपवर दुसरं यूजर अकाउंट उघडल्यावर. विंडोजमध्ये ही सोय कितीतरी वर्षं आहे, पण मला वाटायचं, ती घरात लॅपटॉप वापरणारे दोघं-तिघं असतील त्यांच्यासाठी. एकाचं नाव ‘काम’ ठेवलं, दुसऱ्याचं ‘घर’. ‘घर’मध्ये मेल नाही, ऑफिसचं चॅट नाही. ‘काम’मध्ये गाणी, व्हिडिओ, फोटो काही नाही. दोन्हींचे पासवर्ड वेगळे आणि वॉलपेपरही वेगळे.

हे लावण्यात एक अख्खा रविवार गेला. काही सॉफ्टवेअर एकाच खात्यापुरती बसतात, ती पुन्हा टाकावी लागली. एका खात्यातल्या फायली दुसऱ्यात सहज दिसत नाहीत, म्हणून बिलं आणि कागदपत्रं दोन्ही खात्यांना दिसणाऱ्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये हलवली. कॅलेंडरचंही अडलं. शेवटी घरच्या वेळा ऑफिसच्या कॅलेंडरवर तपशील न देता नुसत्या ‘व्यग्र’ म्हणून टाकू लागले.

संध्याकाळी ‘काम’मधून मी पूर्ण साइन आउट करते. नुसता स्क्रीन लॉक केला तर सगळं मागे उघडंच राहतं आणि मनही तिथेच घुटमळतं. परत जायचं तर पासवर्ड टाका, सगळं पुन्हा उघडा. एवढ्या वेळात बहुतेकदा लक्षात येतं, की ते मेल सकाळी पाहिलं तरी चालेल.

फोनवर ऑफिसने वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या अ‍ॅप्सचा वेगळा कप्पा, लावून दिलं आहे. ते बंद केलं की ब्रीफकेसचं चिन्ह असलेली अ‍ॅप्स करडी पडतात, सूचना येत नाहीत. पहिले काही दिवस धाकधूक होती. सहकाऱ्यांना सांगून ठेवलं, खरंच अडलं तर सरळ फोन करा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये त्याच माणसाचा १५ मिनिटांत दुसऱ्यांदा येणारा कॉल वाजू देता येतो, तेही चालू ठेवलं. आठ महिन्यांत असा फोन दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा तो यायलाच हवा होता.

‘घर’ बंद करताना एक फोटो मी मुद्दाम अर्धवट ठेवते. दुसऱ्या दिवशी खातं उघडलं की तोच समोर येतो आणि आता काय करू, हा प्रश्न उरत नाही. तो प्रश्न पडला, की मी हमखास कामाकडे पळायचे.

महिनाअखेरीला मात्र हे साधत नाही. त्या तीन-चार रात्री ‘काम’ उशिरापर्यंत उघडं असतं आणि तो फोटो तसाच थांबलेला असतो.