तिसरी सही

आम्ही ज्या रुग्णालयात रक्तमूलपेशींचे, म्हणजे हाडांच्या मज्जेतल्या, रक्त बनवणाऱ्या पेशींचे दान घेतो, तिथे दात्याला एकूण तीन सह्या कराव्या लागतात. पहिली नोंदणीच्या शिबिरात, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेण्यापूर्वी. दुसरी, कुठल्या तरी अनोळखी रुग्णाशी त्याचे एचएलए गुण, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळल्यावर, प्रत्यक्ष दानाच्या आधी. तिसरी सही संशोधनाची असते आणि तिच्याविषयी कोणी काही विचारत नाही. गेल्या जुलैमध्ये एका दात्याने विचारले, आणि तेव्हापासून ती सही माझ्या डोक्यातून जात नाही. दात्याचे गाव आणि वय मी इथे बदलले आहे. द्राक्षे मात्र बदललेली नाहीत, कारण ती काढली तर सांगण्यासारखे काही उरतच नाही.

मी दाता समुपदेशक आहे. रुग्ण कोण, कुठला, हे मला ठाऊक नसते आणि नसावेच. माझे काम दात्याच्या बाजूने उभे राहण्याचे. सख्ख्या भावंडांमध्ये पूर्ण जुळणीची शक्यता चारांत एक असते, म्हणून उरलेल्या रुग्णांना नोंदणीतला परका माणूस शोधावा लागतो. माझा अर्धा वेळ दात्याच्या आईवडिलांना, पाठीच्या कण्याला कोणी हात लावणार नाही, हे पटवण्यात जातो. पाच दिवस जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शने द्यायची, त्यामुळे मज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरतात. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त यंत्रात घ्यायचे, मूलपेशी वेगळ्या काढायच्या आणि बाकीचे रक्त दुसऱ्या हाताने परत द्यायचे, यापलीकडे त्यात काही नाही. हाडे दुखतात, डोके जड होते, पॅरासिटामॉलने भागते. दात्याला पैसे मिळत नाहीत आणि त्याचे खर्चही होत नाहीत.

बाहेरच्या माणसाला अंदाज येत नाही तो एका तारखेचा. दानाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी, काही वेळा किरणांनी, नष्ट करायला सुरुवात होते. त्या दिवसानंतरही दात्याला नकार देण्याचा पूर्ण हक्क असतो. आणि त्या दिवसानंतर दात्याने नकार दिला, तर रुग्णाच्या शरीरात स्वतःचे रक्त बनवणारे काही उरलेले नसते. ही दोन्ही वाक्ये मला प्रत्येक दात्याला सांगावी लागतात. हक्काचे वाक्य शेवटी ठेवले तर माणूस धीट होतो, रुग्णाचे वाक्य शेवटी ठेवले तर तो अडकतो. नऊ वर्षांत मी ती दोन्ही वाक्ये एकाच दमात, मध्ये पूर्णविराम न देता सांगायला शिकले आहे, आणि या एका कौशल्याचा मला अभिमान आहे, हे कबूल करते. तिसऱ्या सहीसाठी असे कोणतेच कौशल्य मी कधी कमावले नव्हते.

हा दाता तासगावकडचा, सत्तावीस वर्षांचा, तीन एकर द्राक्षबागेचा मालक. कॉलेजात असताना शिबिरात नमुना दिलेला, तो सहा वर्षांनी जुळला. असे तरुण ऐन वेळी फोन उचलत नाहीत, हा आमचा नेहमीचा अनुभव. याने पहिल्याच फोनला होकार दिला आणि आईची समजूतही स्वतःच काढली. पाचव्या दिवशी सकाळी तो खाटेवर बसला होता, परिचारिका दंडाला पट्टा बांधत होती, तेवढ्यात संशोधन प्रकल्पाचा समन्वयक चार पानांचा फॉर्म घेऊन आला. हा मुलगा वाईट नाही, पण त्याच्या डोक्यावर नमुन्यांचा आकडा पूर्ण करण्याचे ओझे असते आणि ते त्याच्या चालण्यातही दिसते. सुया टोचण्याआधी सही झालेली बरी, दोन मिनिटांचे काम आहे, असे तो म्हणाला.

“सुया लागू देत की, मग वाचू,” दाता म्हणाला.

सुया लागल्यावर त्याचे दोन्ही हात अर्थातच अडकले. कागद धरणे त्याला शक्य नव्हते, म्हणून मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि फॉर्म मोठ्याने वाचू लागले. इतक्या वर्षांत हा फॉर्म मी शेकडो वेळा पुढे सरकवला होता. मोठ्याने वाचण्याची वेळ पहिल्यांदाच येत होती.

“उर्वरित जैविक नमुन्यापासून प्रेरित बहुक्षम मूलपेशी-रेषा प्रस्थापित करण्यात येऊ शकतील व त्या अनिश्चित काळापर्यंत जतन करण्यात येतील.” हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडताना मला ऐकू आले आणि शरम वाटली. या भाषांतरांची तऱ्हा सांगायला हवी. मूळ फॉर्म इंग्रजीत लिहिला जातो, नैतिकता समिती तो इंग्रजीत तपासते, मग पानामागे पैसे घेणारी एखादी संस्था त्याचे मराठी करून देते. ते मराठी बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी दुसऱ्याकडून त्याचे पुन्हा इंग्रजी करून घेतात. शब्दाला शब्द ठेवून केलेले मराठी असल्याने उलटे इंग्रजी मुळाशी तंतोतंत जुळते, प्रमाणपत्र मिळते आणि सर्वांचे समाधान होते. मधल्या मराठीतून एखाद्या मराठी माणसाला काही कळते का, हे तपासण्याचा टप्पा या साखळीत नाही.

“पेशी-रेषा म्हणजे काय हो मॅडम? रेघ मारणार का?” त्याने विचारले.

मी सांगू लागले. इंजेक्शनांमुळे आज तुमच्या रक्तात मूलपेशी एरवीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, म्हणून आजचा नमुना प्रयोगशाळेला मोलाचा. जपानमधल्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या साध्या पेशींत चार जनुके घालून त्यांना गर्भातल्या पेशींसारख्या मूळ अवस्थेत नेले, त्यासाठी २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि त्यामुळे अशा पेशींसाठी भ्रूण नष्ट करण्याची गरज राहिली नाही. या पेशी वाढवायच्या, वाढल्या की थोड्या काढून दुसऱ्या भांड्यात लावायच्या, त्या वाढल्या की पुन्हा काढायच्या. असे वर्षानुवर्षे चालते.

“म्हणजे काडी,” तो म्हणाला.

मला कळले नाही. मग यंत्राच्या घरघरीत, रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे ओठांना येणाऱ्या मुंग्यांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी चघळत, त्याने मला पेशी-रेषा समजावून सांगितली. थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या बागेत कुणाला तरी एका वेलीचा घड वेगळा दिसला, त्याने तिची काडी घेऊन डॉगरिजच्या खुंटावर कलम भरले, त्या कलमाच्या पुन्हा काड्या झाल्या, आणि आज त्यांच्या भागात जी तास-ए-गणेश जात उभी आहे ती अशीच एका निवडीतून आलेली. ती पहिली वेल कधीच मेली असेल, आणि तरी तीच वेल सगळ्या तालुक्यात जिवंत आहे. चार पानांच्या फॉर्मला जे जमले नव्हते ते त्याने दोन मिनिटांत केले.

“आता सांगा, काडी माझी, मग बाग कुणाची?”

त्याच्या ओळखीतल्या काही बागायतदारांनी परदेशी पेटंटच्या जाती लावल्या आहेत. त्यांच्या करारात काडी शेजाऱ्याला द्यायची नाही, रॉयल्टी भरायची, असे लिहिलेले असते. उलट आपल्याकडे पिकांच्या वाणांसाठी २००१ चा कायदा आहे आणि ज्याच्या वाणापासून नवे वाण काढले, त्याला लाभात वाटा मागण्याची तरतूद त्यात आहे, हे त्याला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मात्र स्वच्छ लिहिले होते की नमुन्यापासून व्यावसायिक उत्पादन झाल्यास दात्याचा त्यावर कोणताही आर्थिक हक्क राहणार नाही. मला पैसे नकोत, हे तो दोनदा म्हणाला, आणि मला ते खरे वाटले. पाच दिवस बाग सोडून फुकट आलेल्या माणसाला लोभी म्हणणे कठीण आहे.

मी समन्वयकाला परत पाठवले आणि प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरांना बोलावले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला संशोधनाची काळजी नव्हती, मूलपेशींच्या पिशवीची होती. हा माणूस चिडून उठला तर दुसऱ्या कुठल्या तरी शहरात एक रुग्ण मज्जेविना पडून राहील, या भीतीने माझे हात गार पडले होते. पण तो उठणार नव्हता. सही न केल्यास दान अडेल का, हे त्याने आधीच विचारून घेतले होते, आणि दोन्हींचा काही संबंध नाही, असे मी सांगितल्यावर त्याने मान डोलावली होती.

डॉक्टर आल्या हे त्यांचे मोठेपण. पुष्कळजण फॉर्म वाचा म्हणून निरोप पाठवतात. त्यांचे काम थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारावर आहे आणि तुलनेसाठी त्यांना निरोगी माणसांच्या पेशी लागतात. दात्याने तीन प्रश्न विचारले. यातून माणूस बनवाल का? नाही, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी क्लोनिंगला पूर्ण बंदी आहे. पुढे मन बदलले तर माझ्या पेशी काढून टाकाल का? नमुन्यावरचा सांकेतिक क्रमांक काढून टाकेपर्यंत होय, त्यानंतर तुमच्या पेशी कोणत्या हे आम्हालाही सांगता येणार नाही. कंपनीला द्याल का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की आज तसा विचार नाही, पण फॉर्म तशी मुभा देतो.

“मग एवढंच लिहून घ्या, की या आजारासाठी वापरा, कंपनीला द्यायच्या झाल्या तर मला विचारा. मी आत्ता सही करतो.”

लिहून घेता येत नव्हते. नैतिकता समितीने आणि मूलपेशी संशोधनासाठीच्या वेगळ्या संस्थात्मक समितीने मंजूर केलेल्या फॉर्ममध्ये स्वल्पविरामसुद्धा कोणाला बदलता येत नाही. हा नियम दात्याच्या संरक्षणासाठीच आहे. त्या सकाळी त्याच नियमामुळे एका समजूतदार दात्याला समजून दिलेली संमती देता आली नाही.

त्याच्या सावधपणाला आणखी एक कारण होते, ते त्याने डॉक्टर गेल्यावर सांगितले. त्याच्या बहिणीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. चार वर्षांपूर्वी एका क्लिनिकने त्याला मूलपेशींची इंजेक्शने दिली, त्यासाठी बहिणीने दागिने मोडले, मूल होते तसेच आहे. तिथेही एक फॉर्म होता, तो इंग्रजीत, आणि त्यावर ‘संशोधन’ असा शब्द होता. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात, आणि मंजूर चाचणीबाहेर असे उपचार देणे याच मार्गदर्शक तत्त्वांनी अनैतिक ठरवले आहे, हे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. त्या दुकानदारांनी नुसते पैसे नेले असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी प्रामाणिक संशोधकांच्या वाट्याचा विश्वासही नेला, आणि त्याची किंमत आता थॅलेसेमियाच्या प्रयोगशाळेला चुकवावी लागते.

चार तासांनी पिशवी भरली. पातळ टोमॅटो सारासारखा तिचा रंग असतो. पेशींची मोजणी रुग्णाच्या वजनाला पुरेशी निघाली, थंड पेटीत घालून कुरिअर निघाला. तिसरा फॉर्म कोरा राहिला. “एवढं सगळं दिलं आणि दोन मिलिलिटरला अडला,” असे समन्वयक जेवताना म्हणाला आणि टेबलावरचे दोघे हसले. मीही हसले, याचे मला आजही वाईट वाटते.

कारण माझी स्वतःची तिसरी सही आहे. एमएसडब्ल्यू करत असताना मी शिबिरांत स्वयंसेवक म्हणून काड्या फिरवायचे, तेव्हाच माझी नोंदणी झाली, आणि २०१४ मध्ये माझी जुळणी निघून मीही याच पद्धतीने दान केले. त्या रात्री मी घरी माझी जुनी फाइल काढली. संशोधनाच्या चौकटीत माझी बरोबरची खूण आहे, सही आहे, आणि ती केल्याची कोणतीही आठवण मला नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी केली. नमुन्याचे सांकेतिक क्रमांक मागेच काढले होते. माझी काडी कुठे लागली, की फेकून दिली, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मला त्याचे दुःख झाले असे नाही. मला विचारले असते तर मी होच म्हटले असते. पण मला कोणी विचारलेच नव्हते, माझ्यापुढे कागद सरकवला होता, आणि पुढे नऊ वर्षे मी तेच केले. २००५ मध्ये दक्षिण कोरियात मूलपेशी संशोधक ह्वांग वू-सुक यांचे बनावट संशोधनाचे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ सहकाऱ्यांनीही आपली स्त्रीबीजे दिल्याचे बाहेर आले होते. दान ‘स्वेच्छेने’ दिले, या शब्दावरच मग सारा वाद झाला. तसल्या दडपणाशी आमची तुलना नाही. तरी सुया टोचण्याच्या दहा मिनिटे आधी मागितलेल्या सहीला मी कोणता शब्द वापरू?

दुसरी बाजूही मला सोडत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यायला येणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांचा विभाग आमच्याच मजल्यावर आहे. त्यांच्यापैकी एखाद्या आईने मला विचारले, की तुझ्या वाचण्याच्या सुरामुळे तर त्याने नकार दिला नाही ना, तर मला खात्रीने नाही म्हणता येणार नाही. वाचताना मला शरम वाटत होती, आणि शरम आवाजात उतरते. १९८३ मध्ये मुंबईत टाटा रुग्णालयात देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. त्यामागे ज्यांनी आपले शरीर प्रयोगाला दिले, त्यांच्यापुढे कोणता फॉर्म होता, आणि होता की नाही, हा विचार करून मी स्वतःला गप्प करू पाहते.

मी समितीला पत्र लिहिले. संशोधनाचा फॉर्म दानाच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावा, ही सूचना मान्य झाली. दात्याला काही उपयोगांना हो आणि काहींना नाही म्हणता यावे, ही विचाराधीन आहे. औषध-चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे समितीत एक सामान्य व्यक्ती असावी लागते. आमच्या समितीतल्या त्या सद्गृहस्थांना इतकी वर्षे डॉक्टरांत बसून निम्मे डॉक्टर झाल्यासारखे वाटते आणि प्रश्न विचारायची लाज वाटते. त्या खुर्चीवर हा बागायतदार बसायला हवा होता.

ऑक्टोबरच्या छाटणीत त्याचा फोन आला. रुग्ण कसा आहे, एवढेच त्याला विचारायचे होते. पहिले वर्षभर ओळख सांगता येत नाही. पेशी रुजल्या, इतकेच सांगायची परवानगी मी मिळवली होती, ते सांगितले. ‘रुजल्या’ हा शब्द त्याला आवडला. ठेवताना म्हणाला, नवा फॉर्म झाला की पाठवा, वाचतो.

नव्या फॉर्मचे मराठी मीच केले आहे. त्यात मी लिहिले: “द्राक्षाच्या काडीपासून जशी नवी बाग लावता येते, तशा तुमच्या पेशींपासून नव्या पेशी कायम वाढवता येतात.” समितीच्या कायदेतज्ज्ञ सदस्यांनी हे वाक्य लाल शाईने खोडून वर ‘पेशी-रेषा’ लिहिले आहे. मसुदा अजून माझ्या टेबलावर आहे.