तीन सूत

गुरुवारी दुपारी फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात एका ट्रॅक्टरच्या पंपात होते. पोरानं फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडं आबा. पंचगंगेच्या अंगाला त्यांचं मंगल कार्यालय आहे.

"मिस्त्री, जनरेटर दम टाकायलाय बघा. शनवारी हळद हाय, रविवारी लगीन. गेल्या लग्नात नवरीच्या एन्ट्रीला लाइट गेली, लोकांनी माझी इज्जत काढली. आजच्या आज या."

तुळशीचं लग्न होऊन पंधरवडा झाला होता. या दिवसांत कार्यालयवाल्याचा जीव जनरेटरमध्येच असतो. हात पुसले, पाने टाकले पिशवीत आणि निघालो.

हा सेट पुराचा बळी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो पाण्याखाली गेला आणि 2021 च्या जुलैत पुन्हा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आबांना त्यापुढचंही पाठ आहे : किती फुटांवर पाणी गेटात शिरतं आणि किती फुटांवर रेडिएटरला लागतं. दुसऱ्यांदा वायंडिंग भरून आणल्यावर त्यांनी हॉलच्या मागं आठ फूट उंच कॉलम उभे केले, वर स्लॅब टाकला आणि सेट क्रेननं वर ठेवला. सव्वाशे केव्हीए. खालून बघितलं तर एखाद्या देवळातल्या नंदीसारखा दिसतो.

मी पोचलो तेव्हा आबांनी आतापर्यंतच्या खर्चाची यादीच ऐकवली. फिल्टर दोनदा बदलले. पंप उतरवून लॅबला नेला, कॅलिब्रेशन करून आणलं. नोझल तपासले. टाकी दोनदा धुतली. डिझेल घ्यायचा पंपही बदलला, कारण भेसळ असणार असं कुणीतरी सांगितलं होतं.

"टाकी का धुतली?" मी विचारलं.

"अवो, टाकी फुल्ल असली की इंजान मख्खन चालतंय. निम्मी झाली की रडतंय. म्हंजे तळाला गाळ हाय, दुसरं काय?"

दिसायला बरोबर होतं. तिथंच सगळे फसले. मीही अर्धा तास फसलो.

इंजिन चालू केलं. विनालोड एकदम गुळगुळीत, सुई 50 हर्ट्झवर. चार पोलच्या अल्टरनेटरला 50 हर्ट्झ म्हणजे 1500 फेरे. हॉलचे दिवे टाकले, पंखे टाकले, काही नाही. एसीचे दोन युनिट टाकले, लोड 70 किलोवॅटच्या आसपास गेला. मिनिट, दोन मिनिटं, तीन. मग इंजिनाचा आवाज बदलला. चढावर गिअर न बदलता गाडी रेटली की येतो तसा. सुई 49, 48, थोडी सावरली, पुन्हा 47. गव्हर्नर, म्हणजे लोडप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा, रॅक उघडतोय, पण आत जायला डिझेलच नाही. 46 च्या खाली गेल्यावर एसी ट्रिप झाले, लोड उतरला आणि इंजिन पुन्हा साळसूदपणे 50 वर.

अशा वेळी इंजिन उघडायचं नाही. आधी इंजिनावरचा आळ काढायचा. पाच लिटरचा डबा डिझेल भरून फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या, बरोबरीनं एका स्टुलावर ठेवला, पंपाची सक्शन म्हणजे ओढायची नळी सोडवली, डब्यात दीड फुटाचा होज बुडवला आणि हँड प्रायमरनं हवा काढली. परतीचं डिझेल दुसऱ्या डब्यात घेतलं. पुन्हा तोच 70 किलोवॅट. सुई जागची हलली नाही. डबे संपत आले, पोरगं इकडचं तिकडं ओतत राहिलं, दहा मिनिटं झाली, इंजिन मख्ख.

म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले, डिझेलही चांगलं. आबांचे जे काही हजार गेले ते चांगल्या वस्तू आणखी चांगल्या करण्यात गेले. दुखणं टाकी आणि पंप यांच्या मधल्या वाटेत होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा टाकी कुठं आहे ते बघितलं. हे आधी बघायला हवं होतं. स्लॅबवर सेटशेजारी असेल असं मी धरून चाललो होतो. टाकी होती खाली, गेटाजवळ, दोन फुटांच्या विटांच्या ओट्यावर. बॅरल गाडीतून उतरवून ओतायला सोपं म्हणून. तिथून भिंतीच्या कडेनं क्लिपा मारत मारत तांब्याची लाइन आली होती, कोपऱ्यावर वळली होती, कॉलमवरून वर चढली होती. टेप लावला. 52 फूट.

फिटिंग बाकी देखणी होती. फ्लेअर नीट, कुठं ओल नाही. "कुणी टाकली?" आबांनी शेजारच्या गल्लीतल्या वेल्डरचं नाव घेतलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

दिवाळीआधी त्या पोराचा मला फोन आला होता. मी कावळा नाक्यावर सिग्नलला थांबलो होतो. "मामा, सव्वाशेच्या सेटला डिझेल लाइन किती सुताची?" मी म्हटलं, "तीन सूत टाक." सिग्नल सुटला, फोन ठेवला. दहा सेकंदांचं बोलणं. टाकी कुठं आहे हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

उद्यमनगरात पाइप अजून सुतानंच मागतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे तीन सूत साडेनऊ मिलिमीटर. पण कुठून साडेनऊ? रबरी होज मागितला तर माप आतल्या भोकाचं. तांब्याची नळी मागितली तर माप बाहेरचं. माझ्या डोक्यात होज होता, त्याच्या हातात तांबं. नळीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत उरतात जेमतेम 7.9 मिलिमीटर. दीड मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटतं. डिप्लोमाला एक नियम होता, एका फ्रेंच डॉक्टरनं 1840 च्या सुमारास मांडलेला; रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं ते तो बघत होता. संथ वाहणाऱ्या द्रवाचं घर्षण व्यासाच्या चौथ्या घाताच्या उलट्या प्रमाणात बदलतं. साडेनऊचं 7.9 झालं की घर्षण सरळ दुप्पट. परीक्षेत त्यावर मला पाच मार्क मिळाले होते. सिग्नलवर तो आठवला नाही.

वेल्डरला बोलावून घेतलं. आला तोच तावातावानं.

"मामा, तुमीच तीन सूत सांगितलंय. माझ्यावर ढकलू नगासा."

"ढकलत नाही. वर ये, दाखवतो."

त्याचं म्हणणं साधं होतं आणि शंभरातले नव्वद लोक तेच म्हणतील. 70 किलोवॅटला इंजिन तासाला वीस लिटर पितं. म्हणजे मिनिटाला पेलाभर. पेलाभर डिझेलला एवढी नळी पुरत नाही? मी परतीची लाइन पुन्हा डब्यात सोडली आणि त्याला मोबाइलवर एक मिनिट लावायला सांगितलं. मिनिटात डब्यात दोन लिटरच्या वर डिझेल. इंजिन जाळतं पेलाभर, पण पंप त्याच्या सहा-सातपट फिरवतो. जास्तीचं डिझेल उष्णता आणि हवा घेऊन टाकीला परत जातं. नळीला सगळंच वाहावं लागतं. जळणाचा आकडा धरून नळी घेतली की ती कायम लहानच पडते.

मग गेज लावलं. आमच्याकडं व्हॅक्यूम गेज वेगळं कोण ठेवतो? शेजारच्या फ्रिजवाल्याचं निळं कंपाउंड गेज मागून आणलं, ते शून्याखाली पाऱ्याचे इंच दाखवतं. फीड पंपाच्या तोंडाशी टी टाकून ते बसवलं आणि मुद्दाम एक वीतभर पारदर्शक नळी मध्ये घेतली. टाकी निम्मी होती. लोड टाकला. काटा 11 इंचांवर जाऊन बसला. बऱ्याच डिझेल इंजिनांच्या पुस्तकात नव्या फिल्टरवर चार इंच आणि भरलेल्या फिल्टरवर फार तर आठ इंच चालतात असं असतं. इथं नव्या कोऱ्या फिल्टरवर 11.

पण पोरांना पटलं ते गेजवरून नाही, त्या वीतभर नळीवरून. विनालोड असताना आतून पिवळं, काचेसारखं डिझेल जात होतं. लोड टाकल्यावर मिनिटभरात त्यात मोहरीएवढे बुडबुडे दिसायला लागले, मग साबुदाण्याएवढे, मग गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखा फेस. गळती नव्हती कुठं. डिझेलमध्ये विरघळलेली हवाच एवढ्या ओढीनं बाहेर पडत होती. पंप डिझेलऐवजी फेस ढकलत होता आणि इंजिन रडत होतं. वेल्डर बसून बघत राहिला. तावातावानं आलेलं पोरगं एकदम गप्प.

कागदावर हिशेब मांडला. डिझेल वर ओढायला दर फुटाला पाऱ्याचा साधारण पाऊण इंच लागतो. निम्म्या टाकीतल्या पातळीपासून पंपापर्यंत साडेसहा फूट, म्हणजे पावणेपाच इंच. 52 फूट तांब्यात घासून जाणारे पाच-सव्वापाच. उरलेला इंचभर कोपरे, फिल्टर आणि बँजो बोल्टाचा. बँजो म्हणजे नळी पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट; त्याच्याकडं कुणी बघत नाही. नळी मोठी घालतात आणि टोकाला बोल्टाचं भोक पाच मिलिमीटरचं. टाकी फुल्ल असली की पातळी दीड फूट वर, एक इंचाची सूट मिळाली की इंजिन कसंबसं तरून जायचं. गाळबिळ काही नव्हता. आबा दोनदा स्वच्छ टाकी धूत होते.

"मग चार सूत टाकू?" वेल्डरनं विचारलं.

आतून चार सूत घेतलं असतं तर घर्षण पाचावरून पाऊण इंचावर आलं असतं. पण चढ तेवढाच राहतो. नळी कितीही जाड करा, साडेसहा फूट ते साडेसहा फूटच, आणि टाकी तळाला गेली की पावणेआठ. शिवाय जाड नळीत दोन लिटर डिझेल मावतं. नळीतलं डिझेल खाली न उतरू देणारा फूट व्हॉल्व्ह जरा हलका झाला की रात्रभरात सगळं खाली उतरणार आणि सकाळी प्रायमर मारून मारून हाताला फोड. मला ते नको होतं.

"टाकी वर आणायची," मी म्हटलं.

आबांनी लगेच सिंटेक्ससारखी गच्चीवर न्यायचा बेत सांगितला. गच्ची म्हणजे सेटच्या वर आणखी पंधरा फूट. तिथं मी हात जोडले. टाकी इंजिनाच्या डोक्यावर चढवली आणि एखादा नोझल गळका निघाला तर बंद इंजिनात रात्रभर डिझेल उतरत राहतं. सकाळी स्टार्टर मारला की पिस्टन डिझेलवर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टाकीतली वरची पातळी नोझलच्या खालीच हवी.

शेवटी ठरलं ते असं. स्लॅबवर सेटपासून सहा फुटांवर शंभर लिटरची छोटी टाकी. खालची मोठी टाकी जागेवरच, तिच्यातून छोट्या मोटरपंपानं वर भरायचं. भरणी अर्ध्या इंचाची, ओव्हरफ्लो पाऊण इंचाचा, कारण मोटर बंद करायला माणूस विसरणारच आणि जास्तीचं डिझेल भरणीपेक्षा मोठ्या वाटेनं खाली गेलं पाहिजे. पाइप काळा लोखंडी. वेल्डरकडं जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपाचे, तुकडे पडून होते, ते मी बाजूला ठेवायला लावले. डिझेल जस्ताशी लागतं आणि त्याचे पापुद्रे फिल्टरमध्ये येऊन बसतात. परत येणारी लाइन सक्शनच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे तिचे गरम बुडबुडे थेट पुन्हा ओढले जाणार नाहीत.

शुक्रवारी दिवसभर वेल्डिंग. टाकी त्यानं माझ्या दुकानाच्या दारात बसून बनवली, तिची चाचणी साबणाच्या फेसानं केली आणि एकदाही "मामा, तुमीच सांगितलंय" म्हणाला नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

शनिवारी चारला लाइन जोडली. टाकीपासून पंपापर्यंत सहा फूट. नळी? तीच, तांब्याची, त्याच वेटोळ्यातून कापलेली तीन सुती. सहा फुटांत तिचं घर्षण अर्ध्या-पाऊण इंचाचं, चढ जवळपास शून्य. बँजो तेवढा मोठ्या भोकाचा बदलला. पूर्ण लोड टाकला, गेज दोन इंचांच्या आत, पारदर्शक नळीत डिझेल काचेसारखं.

संध्याकाळी हळदीचं जेवण. तांबड्या-पांढऱ्याचा वास जिना चढून स्लॅबवर येत होता. साडेआठला वीज खरंच गेली, आमच्या नशिबानं. सेट उचलला. एसी, डीजे, लिफ्ट, सगळं एकदम. मी आणि वेल्डर मीटरसमोर उभे. सुई 49 ला टेकली, परत 50. पाऊण तास आम्ही दोघं तिथंच, एक शब्द न बोलता.

आबा वर आले ते खुशीत. बिल मागितलं. मी साहित्य आणि वेल्डरची मजुरी लिहिली, माझी लिहिली नाही. त्यांनी कागद उलटापालटा केला.

"तुमचं कुठाय?"

मी कावळा नाक्याचा फोन सांगितला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वेल्डरकडं, मग भिंतीवरून उतरवून ठेवलेल्या तांब्याच्या वेटोळ्याकडं.

"म्हंजे दोन म्हैनं मी टाकी धुतोय ती तुमच्यापायी व्हय?" आणि जोरात हसले. "चला, ताट वाढलंय. आणि ते उरल्यालं तांबं माझं हाय हां, पैशे मोजल्यात."

वेल्डरनं ते वेटोळं आधीच खांद्याला अडकवलं होतं. त्यानं गुपचूप खाली ठेवलं.